दफ्तर दूर, जबाबदारी जवळ



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरातील धरमपेठेच्या परिसरात राहणारा मनुष्य सहसा विसरणार नाही. गणेशोत्सवाचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर पावसाने जो जोर धरला तो काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या पलीकडे गेला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नागनदीने आपले पात्र सोडले, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी येथपासून थेट सीताबर्डीपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरले. त्या पुरात माणसे दगावली, कित्येकांचे संसार उघड्यावर आले. त्या दुःखापुढे यंत्रांच्या नासाडीची गोष्ट लहानच. परंतु ज्यांचा चरितार्थ कागदपत्रांवर आणि हिशेबांवर चालतो, त्यांच्या दृष्टीने त्या पहाटेने एक धडा घालून दिला, आणि आजच्या भाषणाचा विषय त्या धड्याशीच निगडित आहे.

पूर ओसरल्यावर दोन दिवसांनी एका परिचित करसल्लागारांच्या तळमजल्यावरील कचेरीत मी गेलो. त्यांचा सर्व्हर टेबलाखाली जमिनीवरच ठेवलेला असे. त्याचे झाकण उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांत बोटभर गाळ बसला होता. 'बॅकअप आहे ना?' असे मी विचारताच त्यांनी त्याच टेबलाचा सर्वांत खालचा खण ओढला. आतली हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती आणि पिशवी पाण्याने भरलेली होती. कर-लेखापरीक्षणाचे अहवाल दाखल करण्याची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. त्याच इमारतीतील दुसऱ्या एका व्यावसायिकांचे संगणकही बुडाले होते. पण त्यांनी आदल्या वर्षीच आपली टॅली क्लाउडवर नेली असल्यामुळे ते भावाच्या घरी बसून, भावाच्याच लॅपटॉपवर, सोमवारपासून नित्याचे काम करू लागले.

येथेच भाषण थांबवले असते तर सल्ला सोपा होता. पण पुढच्याच वर्षी या दुसऱ्या गृहस्थांचा मला घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला. क्लाउडवरील त्यांचे खाते उघडताना एका साहाय्यकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला होता; तो नोकरी सोडून गेला, क्रमांकही बदलला, आणि ओटीपी कोणाकडे जातो याचा थांग लागेना. ओळख पटवून खाते पुन्हा ताब्यात येईपर्यंत अकरा दिवस गेले. पुरातून वाचलेले दफ्तर किल्ली हरवल्यामुळे बंद पडले. या दोन कचेऱ्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे मला जे सांगावयाचे आहे ते स्पष्ट होते: क्लाउडमुळे दफ्तराची जागा बदलते, दफ्तराची जबाबदारी बदलत नाही.

क्लाउड या शब्दाने अधांतरी असलेल्या कशाचा तरी भास होतो, तो प्रथम दूर केला पाहिजे. ही यंत्रे जमिनीवरच आहेत, मोठमोठ्या, थंड राखलेल्या, अहोरात्र पहारा असलेल्या इमारतींत आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी आपल्याच महाराष्ट्रात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली केंद्रे सुरू केली. केंद्र सरकारने 'मेघराज' या नावाने शासकीय कारभारासाठी अशीच व्यवस्था २०१४ मध्ये उभी केली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने क्लाउडविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. तेथील यंत्रांचा वापर आपण भाड्याने घेतो आणि जितका वापर तितके भाडे भरतो, एवढाच या व्यवहाराचा गाभा आहे.

या भाड्याच्या व्यवहाराला अलीकडे जी वळणे मिळत आहेत, त्यांतील पहिले कायद्याचे आहे. पूर्वी माहिती कोठे साठवली जाते हे फारसे कोणी विचारत नसे. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी कायद्याखालील नियमांत दुरुस्ती झाली आणि संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे. ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी उत्तर देण्याची जबाबदारी मूळ व्यवसायाचीच राहील, असे तो कायदा निःसंदिग्धपणे सांगतो. म्हणून करारनाम्यावर सही करण्यापूर्वी माहिती कोणत्या शहरात राहील, प्रत कोठे राहील आणि हल्ला झाल्यास किती तासांत कळवले जाईल, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. तोंडी हवाल्यावर विसंबू नये.

दुसरे वळण असे की, सारी भिस्त एकाच ठिकाणी ठेवण्याची चाल मागे पडत आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिनिधीची गूगलच्या क्लाउडवरील व्यवस्था एका चुकीच्या नोंदीमुळे पुसली गेली आणि सुमारे आठवडाभर सभासदांना आपली खाती पाहता आली नाहीत. मात्र दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रती घडी पुन्हा बसवताना उपयोगी पडल्या. जुलै २०२४ च्या अखेरीस आपल्याच देशात बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका संस्थेवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ खंडित झाले. या तिन्ही प्रसंगांवरचा उतारा एकच आणि जुनाच आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक वास्तूच्या बाहेर. माझ्या परिचित करसल्लागारांकडे प्रत होती. ती त्याच टेबलाच्या खणात होती, एवढेच.

तिसरे वळण बाहेर पडण्याच्या वाटेचे. एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाताना आपलीच माहिती उचलून नेण्यासाठी आपल्यालाच शुल्क भरावे लागे. २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांपुरते ते माफ केले. तरीही वाट मोकळी झाली असे समजू नये. माहिती परत मिळेल ती साध्या तक्त्याच्या स्वरूपात कोणत्याही संगणकावर उघडेल, की त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरविना निरुपयोगी ठरेल, हे पहिल्याच दिवशी विचारावे. भाडेपट्टा करताना घर सोडण्याच्या अटी वाचणारा मनुष्य शहाणा समजला जातो. येथेही तोच न्याय लागू आहे.

चौथी गोष्ट खर्चाची. कळमन्याच्या बाजारातील संत्र्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या तोडणीचे महिने सोडले तर त्याचे संगणकाचे काम बेताचेच असते; म्हणून हंगामात अधिक यंत्रे घ्यावीत आणि हंगाम संपताच ती सोडून द्यावीत, ही क्लाउडची खरी सोय त्याच्याच उपयोगाची आहे. परंतु घेतलेले यंत्र बंद करावयाचे राहून गेले की वापर नसतानाही त्याचे भाडे दरमहा चढत राहते. यास्तव खर्चाची मर्यादा ठरवून ती ओलांडताच सूचना येईल अशी तजवीज करावी, आणि विजेच्या बिलाप्रमाणे क्लाउडचे बिलही मालकाने स्वतः वाचावे. ज्याचे काम वर्षभर एकसारखे चालते त्याला कदाचित स्वतःचे यंत्र ठेवून केवळ प्रत क्लाउडवर ठेवणे अधिक किफायतशीर होईल; आज पुष्कळ व्यवसाय असा मिश्र मार्ग पत्करत आहेत, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

पाचवे वळण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. तिला लागणारी यंत्रे इतकी महाग आहेत की लहान व्यावसायिकाने ती विकत घेणे संभवत नाही; ती भाड्यानेच घ्यावी लागतात, आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ज्या इंडिया-एआय अभियानाला मंजुरी दिली त्याचा एक हेतू ही यंत्रे सवलतीने उपलब्ध करून देण्याचा आहे. बिलांच्या छायाचित्रांवरून नोंदी करणे, थकलेल्या रकमांची यादी काढणे, अशा कामांना तिचे साहाय्य अवश्य घ्यावे. मात्र अशिलांचे पॅन, आधार, बँकखाते हे तपशील एखाद्या फुकट मिळणाऱ्या सेवेच्या हवाली करण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात, आणि यंत्राने केलेली नोंद मूळ पावतीशी ताडून पाहिल्यावाचून खतावणीत घेऊ नये.

शेवटी, आजच करता येईल असे काही सांगतो. खाते व्यवसायाच्या नावे आहे की नोकराच्या, ते तपासा. नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल मालकाच्या ताब्यात ठेवा, आणि दुसऱ्या एका विश्वासू व्यक्तीलाही स्वतंत्र अधिकार देऊन ठेवा. कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. आणि प्रत घेतल्यावर स्वस्थ बसू नका; ती उघडून पाहा.

ज्यांच्या खणातून मी भिजलेली हार्ड डिस्क बाहेर काढली होती, त्या करसल्लागारांनी आता आपले काम क्लाउडवर नेले आहे. तथापि त्यांच्या टेबलावर लाल बांधणीची एक वही असते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते कोणत्याही एका अशिलाचे खाते बॅकअपमधून वेगळ्याच संगणकावर उघडतात, शेवटची शिल्लक मूळ हिशेबाशी जुळवतात, आणि तारीख, खात्याचे नाव, जुळले की नाही, एवढे लिहून खाली सही करतात. गेल्या महिन्यात मी ती वही चाळली. दोन ठिकाणी 'जुळले नाही' असा शेरा होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याखाली, दुसऱ्या दिवसाच्या तारखेने, दुरुस्तीची नोंद होती.

श्रोतेहो, अशी एक वही आपल्याही कचेरीत असावी, एवढी विनंती आहे.