पेटीतलं शाईचं पेन



छंद म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी हसतात. भाकऱ्या, धारा, खुरपणी, गटाचा हप्ता, यात छंद कुठे बसवायचा? आणि तोही शाईची जुनी पेनं जमवण्याचा! पण आमच्या गटातल्या आम्ही सात जणी हेच करतोय, आणि त्यासाठी घरखर्चातला पैसा कुणीही काढलेला नाही. तो कसा लागला नाही, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, दुकानात जायचंच नाही. आधी घरातली पत्र्याची पेटी उघडायची. माळ्यावरचा डबा, शिवणयंत्राचा खण, जुन्या सातबाऱ्यांची पिशवी बघायची. सासरे, आजोबा, चुलते यांच्यापैकी कुणीतरी खिशाला पेन लावत असेलच. आमच्याकडे सगळ्यात जास्त निघालं ते सोनेरी टोपणाचं चिनी हिरो. त्याची निब जवळजवळ झाकलेली असते. १९४१ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या पार्कर ५१ या पेनाची ती घडण आहे.

काळं, जाडसर, पण वजनाला हलकं पेन सापडलं, तर ते अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते एबोनाइट असण्याचा संभव फार. रबरात गंधक घालून, तापवून ते कडक करतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी अशी स्वदेशी पेनं हाताने घडवली. त्यातलं एक कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचलं. गांधीजींनी ते वापरलं आणि १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून ते चांगलं असल्याचं कळवलं. शाईसुद्धा आपल्याकडे तेव्हाच होऊ लागली होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत तो धंदा सुरू केला, तीच पुढे आपल्याला ठाऊक असलेली कॅमलची शाई.

आता सापडलेलं पेन लिहितं कसं करायचं? घाई करू नका. गरम पाणी तर मुळीच नको, एबोनाइटचा काळा रंग उडून ते मातकट होतं. रॉकेल, स्पिरिट, थिनरही नको. टोपण अडकलं असेल तर पक्कड लावू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक टोपणाला, एक दांडीला गुंडाळा आणि हळू फिरवा. मग फक्त निबेकडचा भाग वाटीभर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल. ते ओतून नवं घ्यायचं. पाणी नितळ राहीपर्यंत हेच करायचं, मग दोन दिवस लागोत की चार.

निबेखाली जी काळी जीभ असते ना, तिच्यावर बारीक चरे असतात. सगळी करामत तिथं आहे. भरलेली घागर उपडी केली की पाणी डुबुक-डुबुक करत येतं, कारण आत हवा शिरावी लागते. पेनातही शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. चरे वाळलेल्या शाईने बुजले की पेन अडतं. म्हणून चित्रकलेची काळी शाई भरायची नाही, तिच्यात लाखेसारखा चिकट अंश असतो. पेनासाठीचीच निळी शाई घ्या. आणि ड्रॉपरने भरायचं पेन अगदी रिकामं होऊ देऊ नका. थोडीच शाई उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो.

निबेवर इंग्रजीत १४ के असं कोरलेलं दिसलं तर जपा, ते सोनं असू शकतं. नुसता पिवळा रंग असेल तर बहुतेक मुलामा. आमच्या एका सखीच्या घरातून सोन्याच्या निबेचं पेन भंगारवाल्याकडे गेलं, अर्धा किलो लसणाच्या बदल्यात!

पैसे मात्र या छंदात शेवटी येतात. आम्ही एक वही घातली आहे. पेन कुणाचं, कुठून आलं, त्याने काय लिहिलं जायचं, ते तिच्यात लिहितो. वही अर्धी भरल्यावर लक्षात आलं, की सगळी पेनं पुरुषांची. सोसायटीच्या सचिवाचं, तलाठ्याचं, भजनाच्या वह्या उतरवणाऱ्या आजोबांचं. आमच्या आयांच्या वाट्याला शाई आली ती अंगठ्याला. बाईचं म्हणून एकच पेन निघालं, एकीच्या सासूबाईंचं. त्या शाळेत शिकवायच्या. निब एका बाजूने झिजलेली आहे. आपण ते धरलं की जरा अडखळतं, त्यांनी धरलं की सरळ पळतं.

दुसरी एक नोंद आहे. आमच्या एका सखीने भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली. सही केली ती वडिलांच्याच पेनाने, आणि उठताना तिने ते पेन मागून घेतलं. भावांनी दिलं. पेन म्हणजे शेतातला वाटा नव्हे, हे ती स्वतःच म्हणते, आणि आता बाकीच्या सख्यांना सही करण्याआधी कागद वाचायला लावते. वहीत तिने हे सगळं तिच्या हाताने लिहिलंय.

म्हणून पेन मागताना घरातल्या मोठ्यांना विचारूनच घ्या, आणि त्याची हकीकत त्यांच्या तोंडून ऐका. ज्यांच्या पेटीत काहीच निघणार नाही, त्यांनी शे-दोनशे रुपयांत मिळणारं नवं शाईपेन घेतलं तरी चालेल. आमचा गटाच्या ठरावांचा रजिस्टर आम्ही पाळीपाळीने याच पेनांनी लिहितो. पुढच्या बैठकीला यायचं असेल तर आपलं पेन आणि एक जुनं सुती फडकं घेऊन या. शाईची दौत आमच्याकडे आहे.