नळाचे पाणी आणि आपला हक्क

(अहिल्यानगर येथे उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आज मी आपल्याशी पिण्याच्या पाण्याविषयी बोलणार आहे. धम्मदीक्षा घेतल्यानंतर संसारात कोणता बदल करावा, असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. देव्हारा काढला, व्रतवैकल्ये सोडली, त्रिसरण-पंचशील म्हणू लागलो. आता पुढे काय? माझे उत्तर असे की, जे पाणी आपण रोज आपल्या मुलांना पाजतो ते कोठून येते, ते कसे असते आणि ते बिघडले तर जाब कोणाला विचारावयाचा, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी काय केले हेही आपण जाणता. त्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसले, शेण, गोमूत्र, दूध व दही त्यात मिसळून मंत्र म्हटले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, अशी त्यांची समजूत होती ! पाणी खरोखर कशाने बाटते, हे त्याच्या कितीतरी अगोदर सिद्ध झाले होते. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृतांची नोंद केली आणि ते बहुतेक एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते, हे दाखवून दिले. त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. मैला पाण्यात मिसळला म्हणजे पाणी बाटते. मग ते पिणारा कोणत्या जातीचा आहे, हे रोग विचारीत नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. नगर शहराला पूर्वी निजामशाहीच्या काळातील खापरी नळांतून, कापूरवाडीसारख्या आसपासच्या ठिकाणांहून पाणी येत असे. आज ते राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील मुळा धरणातून येते. या धरणाची साठवण २६ हजार दशलक्ष घनफूट आहे. तेथून उपसलेले पाणी विळद येथे शुद्ध होते, वसंत टेकडीच्या टाक्यांत चढविले जाते आणि मग शहरात वाटले जाते. शुद्धीकरणाची रीत समजण्यास कठीण नाही. तुरटीने गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन घालून जंतू मारतात.

तेथे पाणी शुद्ध होत असेल, तर घरात ते गढूळ व दुर्गंधीयुक्त का यावे ? बिघाड बहुधा वाटेत होतो. आपल्या शहराला दिवसाआड पाण्याची सवय वर्षानुवर्षांची आहे. पाणी बंद असते तेव्हा नळ रिकामे होतात व त्यांतील दाब नाहीसा होतो. जुना नळ फुटलेला असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर गटाराचे पाणी त्या फटीतून आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की पहिल्या लोंढ्याबरोबर ती घाण आपल्या हंड्यात येऊन पडते. पाणी सुटताच जो नळाला थेट मोटार लावतो, तो स्वतःपुरते पाणी ओढतोच, पण त्या ओढीने गटाराची घाणही आत खेचतो आणि पुढच्या घरांना पाजतो. शेजाऱ्याच्या मुलाला अशा रीतीने आजारी पाडणारा मनुष्य पंचशील तोंडाने म्हणत असला, तरी आचरणात ते मोडतो.

हे संकट काल्पनिक नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव व किरकटवाडी या भागात गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या रोगाची साथ आली आणि तेथेही बोट पिण्याच्या पाण्याकडेच दाखविले गेले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. पुण्यासारख्या मोठ्या शहरात जे घडले, ते लहान शहरात घडणार नाही असे समजून गाफील राहू नये.

पाणी चांगले की वाईट, हे केवळ डोळ्यांनी कळत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही रोगजंतू असू शकतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, क्रमांक १०५००, असे सांगते की, १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातील ई. कोलाय जंतू एकही आढळता कामा नये, आणि क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी होय. ते पाहण्याची सोपी चाचणी आहे. नळाचे पाणी कुपीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. रंग आलाच नाही, तर पहारेकरी वाटेतच मेला असे समजावे. ही चाचणी आपल्या गल्लीच्या शेवटच्या नळावर करा, असे आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांना सांगण्यास संकोच करू नका.

भगिनींनो, पाणी भरण्याचा भार आपल्यावर पडतो, म्हणून आपणास विशेष विनंती. पाणी सुटल्यावर पहिले काही मिनिटे आलेले पाणी पिण्यासाठी भरू नका. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यातील जीवांची हिंसा होऊ नये, हा त्याचा हेतू. परंतु पाणी पाहून, पारखून प्यावे ही शिस्तही आपण त्यातून घेऊ शकतो. मात्र कापडाने गाळ अडतो, रोगजंतू अडत नाहीत. म्हणून संशय आला की, पाणी खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवा व झाकून ठेवा. हंड्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचे ओगराळे वापरा. मुलाला जुलाब झाले तर अंगारा-धुपारा करण्यात एक घटकाही दवडू नका. मीठ-साखरेचे पाणी पाजीत त्याला दवाखान्यात न्या.

परंतु घरी पाणी उकळणे हा तात्पुरता बचाव आहे. ज्याची ऐपत आहे तो यंत्र विकत घेतो, आणि यंत्र आले की त्याची तक्रार संपते. ज्याची ऐपत नाही त्याच्या वाट्याला रोग राहतो. ही नवी विषमता आहे. म्हणून ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनीही वस्तीच्या अर्जावर सही केली पाहिजे.

कायदा आपल्या बाजूस आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पुरेशा पाण्याची तरतूद करणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार यांच्या खटल्यात सांगितले. ध्यानात ठेवा की, तो अर्ज मात्र न्यायालयाने फेटाळला, कारण तो लोकहितासाठी नसून खाजगी भांडणापोटी केलेला आढळला. म्हणून अर्जात कोणाविषयीही आकस नसावा. "पैसे नाहीत" या सबबीला रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० सालीच उत्तर मिळाले आहे. नागरिकांचे आरोग्य राखण्याचे कर्तव्य पैशाच्या अडचणीमुळे टळत नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले. सार्वजनिक उपद्रव दूर करविण्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा तो मार्ग आजही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये खुला आहे.

आणि कोणी जातीच्या कारणाने पाणी अडविले, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये विहीर व तळे यांच्याबरोबर पाण्याचा नळ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. बौद्ध झाल्याने संरक्षण गेले, असे कोणी भिवविले तर भिऊ नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे स्थान मिळालेले आहे.

आता करावयाचे काय, ते सांगतो. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कसे आले याची वही ठेवा. आजारी पडलेल्यांची नोंद करा. सर्वांच्या सह्यांचा अर्ज महानगरपालिकेत द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून आपल्या भागातील पाणीतपासणीचे अहवाल मागवा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ही फी माफ आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास अपील करा. पाणीपट्टीची पावती जपून ठेवा. राग आला म्हणून पट्टी थकवू नका. थकबाकीदाराची तक्रार कोणी मनावर घेत नाही.

महाडचा लढा तळ्याच्या काठावर एका दिवसात संपला नाही. स्पृश्यांनी दावा लावला आणि तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकालात निघाला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि रूढी वादींना शाबीत करता आली नाही. दहा वर्षे लागली, परंतु पुराव्यापुढे रूढी टिकली नाही. आपल्या वस्तीतील वहीची पाने हाही पुरावाच आहे. घरी गेल्यावर मुलामुलींपैकी ज्याचे अक्षर चांगले असेल त्याच्या हाती वही द्या, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी पहिली नोंद करा.

जय भीम !