आपला मुलूख वाळवंट नाही

(बदनापूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दोस्तांनो, दर उन्हाळ्यात एक वाक्य आपल्या कानावर येतं, ‘मराठवाड्याचं वाळवंट होणार.’ ऐकून ऐकून आपणही ते बोलायला लागलो. म्हणून आज आधी खऱ्या वाळवंटाकडे बघू आणि मग आपल्या दुधनेकाठी परत येऊ.

पाकिस्तानच्या सरहद्दीवर राजस्थानचा जैसलमेर जिल्हा आहे. तिथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या जालना जिल्ह्यात साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो, म्हणजे तिप्पट. तरीही त्या वाळूत माणसं शेकडो वर्षं राहिली. सिंधी मुसलमान पशुपालक राहिले, मांगणियार गवई राहिले, राजपूत आणि मेघवाळ राहिले. ते राहू शकले, कारण पाण्याच्या प्रत्येक थेंबाची जागा त्यांनी ठरवून ठेवली होती. घराच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायचा टांका. शेतासाठी खडीन: खडकाळ उतारावरून येणारं पाणी सखल जमिनीत बांध घालून अडवायचं, मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा.

आता आपला हिशेब करा. ६५० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे २६ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे २६० टँकर! आणि त्याच एकराचा मालक मे महिन्यात एका टँकरची वाट बघत बसतो. मग दुष्काळ फक्त आभाळातून येतो, असं कसं म्हणायचं?

आपल्या जमिनीचा स्वभावही समजून घ्या. खाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. तो वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही तिजोरी छोटी आहे. पावसाळ्यात भरते, उपसली की रिकामी होते. जुन्या माणसांची विहीर या तिजोरीच्या मापाची होती. आपण तीनशे-चारशे फूट बोअर घेतो आणि कोरडी गेली की शेजारी दुसरी घेतो. खोल जाऊन पाणी वाढत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचं मात्र कमी होतं.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं का? कळत होतं. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं, आताचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या फौजा सरहद्दीवर होत्या, तरी या माणसाने डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. जालन्यात जमशेदखानाच्या नावाशी जोडलेला मोती तलाव आहे. त्याचंही पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत येत असे. निजामाच्या राज्यात बांधलेला घाणेवाडी तलावही उतारानेच जालन्याला पाणी देतो. तो गाळाने भरत गेला, तेव्हा जालनेकरांनी वर्गणी काढून गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन टाकला. त्या वर्गणीत धर्माचा रकाना नव्हता.

सरहद्द हा शब्दही आपल्याला परका नाही. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली ती आपल्या जिल्ह्यातल्या असईला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा आपण निजामाच्या मुलखात आणि शेजारचा बुलढाणा इंग्रजी अंमलात, अशी सीमा पडली. जमीन तीच, ज्वारी तीच, सोयरीकही दोन्हीकडे, पण राज्यं दोन.

ही सीमा १९४८ मध्ये पेटली. रझाकारांनी जुलूम केले, हे खरं आहे आणि ते आपण स्पष्ट म्हटलं पाहिजे. हैदराबादमध्ये ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने त्यांच्याविरुद्ध लिहिलं आणि त्यासाठी त्याला जीव द्यावा लागला. तोही मुसलमानच होता. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्याच्या अनेक भागांत निरपराध मुसलमान मारले गेले, घरं लुटली गेली, हेही तितकंच खरं आहे. त्याची पाहणी करायला सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांचा अहवाल कितीतरी वर्षं बंद राहिला.

हे आज का सांगतो? मला वाटतं, त्या दिवसांनी आपल्या आजोबांना एक सवय लावली: चार माणसांत मागे बसायचं, बोलायचं नाही, आपण भले आणि आपलं घर भलं. त्यांची भीती खरी होती, त्यांना दोष देऊ नका. पण ती सवय तुमच्यापर्यंत आली असेल, तर तिची किंमत मोजावी लागते, आणि ती पाण्यात मोजावी लागते. जो ग्रामसभेत नसतो, त्याच्या मोहल्ल्यात पाइपलाइन शेवटी येते. त्याच्या गल्लीतला हातपंप बंद पडला तर तो कुणाच्याच यादीत नसतो. आणि मग आपल्या आई-बहिणींना घागरी घेऊन उभं राहावं लागतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या. पंधरा-वीस वर्षं जपलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला लावली. त्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं होतं. बांधबंदिस्ती झाली, चर खणले, नाले अडवले. गाव द्राक्षांवर उभं राहिलं. पाऊस दोन्हीकडे सारखाच दगा देत होता. मात्र कडवंचीतून अर्धाच धडा घेऊ नका. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर ती बचत. विहीर-बोअर उपसून भरलं, तर सगळ्यांचं पाणी एकाच्या प्लास्टिकवर जाऊन बसतं.

मग आपण काय करायचं? तीन कामं सांगतो.

पहिलं: अठरा वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. जा, आणि बहिणींनाही न्या. गावात पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, कोणतं पीक किती पाणी घेणार, याचा ताळेबंद मागा. बदनापूर शहरात राहत असाल तर हाच प्रश्न नगरपंचायतीत विचारा.

दुसरं: मशिदीपासून सुरुवात करा. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला सुमारे ६० हजार लिटर पाऊस पडतो. वाया जाणारा वजा केला तरी ४५ हजार लिटर विहिरीत किंवा टाकीत उतरवता येतो. पैगंबरसाहेब सुमारे पाऊण लिटर पाण्यात वुजू करत, असं हदीस सांगते. आपण नळ मोकळा सोडून गप्पा मारत वुजू करतो. विहीर खोदणं हे सदका-ए-जारिया आहे, हे आपल्याला माहीत आहे. आटलेली विहीर पुन्हा भरणं हेही तेच पुण्य समजा. आणि ते पाणी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही मिळू द्या.

तिसरं: ज्ञान दाराशी आहे, ते घ्या. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ ही तूर दिली. लवकर येणारी, कमी ओलीत तग धरणारी. कडधान्याचं हे केंद्र देशभर ओळखलं जातं. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं फाटक ओलांडलंय? शेती, भूजल, जलसंधारण शिकणारी मुलं-मुली आपल्या मोहल्ल्यातून निघाली पाहिजेत.

दोस्तांनो, इथे राज्यं बदलली, सीमा पुसल्या, जिल्हे नवे झाले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. पण दुधना तिच्या उतारानेच वाहते. ती शिवारात कुणाचं शेत आणि कुणाचा मोहल्ला हे बघत नाही. तिच्या पाण्यात आपला वाटा आहे, तशीच ते राखण्याची जबाबदारीही आहे. पुढची ग्रामसभा कधी आहे, हे घरी जाण्याआधी विचारून घ्या.