बर्फाच्या पोटांतलें कुरण

श्रोतेहो, ध्रुवप्रदेश म्हटला कीं पांढरें शुभ्र, निर्जीव वाळवंट आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु तेथल्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा तुकडा उलटा करून पाहिला, तर त्याची खालची बाजू पुष्कळदां चहासारखी तपकिरी दिसते. १८३९ ते १८४३ या काळांतील रॉस यांच्या दक्षिणध्रुवाकडील सफरींत जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं हा रंग डायॅटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचा असल्याचें नोंदविलें.

समुद्राचें पाणी उणें १.८ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास गोठतें. गोठतांना मीठ बाहेर टाकलें जातें, आणि बर्फांत अतिखारट पाण्याच्या बारीक नळ्या राहतात. हीं शैवालें याच नळ्यांत नांदतात. प्रत्येकाचें शरीर म्हणजे एकच पेशी, व तिच्याभोंवतीं सिलिकाची, म्हणजे कांचेच्याच जातीच्या द्रव्याची, पेटी. वसंतांत सूर्य परतला कीं बर्फांतून झिरपणाऱ्या अंधुक उजेडावर तीं फोफावतात.

तरंगणारा बर्फ वितळल्यानें समुद्राची पातळी फारशी वाढत नाहीं. मग त्याची चिंता कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या तपकिरी थरांत आहे. मोकळ्या पाण्यांत अन्न उगवण्यापूर्वींच हें कुरण तयार असतें. दक्षिणेकडे क्रिल नांवाच्या कोळंबीसारख्या जीवाचीं पिलें त्यावर चरतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे जगतात. उत्तरेस मेलोसिरा आर्क्टिका या जातीच्या लांब जटा बर्फाखालीं लोंबतात. २०१२ सालीं ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावरील शास्त्रज्ञांना त्यांचे सुटलेले पुंजके ४,००० मीटरांहून खोल तळावर आढळले. समुद्रकाकड्या त्यांवर ताव मारीत होत्या.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत उत्तरध्रुव-समुद्रावरील बर्फाचा विस्तार, उपग्रहांच्या १९७९ पासूनच्या नोंदींत, तोंवरचा सर्वांत कमी भरला. बर्फ पातळ झाला तर उजेड अधिक मिळतो, व तो कुरणास कांहीं काळ मानवेलही. परंतु हें शेत आढ्याला टांगलेलें आहे. छप्पर लवकर गेलें तर शेतही गेलें. पिलें जन्मण्याचा काळ व अन्न मिळण्याचा काळ यांची फारकत झाली, तर उपासमार ठरलेली.

म्हणून, श्रोतेहो, ध्रुवाकडील बर्फ हटल्याची वार्ता आपण ऐकाल, तेव्हां नुसतें थिजलेलें पाणी वितळलें असें समजूं नका. कोणाची तरी पिकती जमीन नाहींशी झाली, असें समजा.