पत्रिकेत नसलेली दोन नावं

पदवीदानाला आलेल्या व्हायोलिनवादक पाहुण्यांनी अभिनंदन एका दमात उरकलं. "पदवी मिळाली, आईबापाला दाखवा, पेढे वाटा," म्हणाले, आणि हातातला टाइप केलेला कागद घडी घालून खिशात टाकला. बोलायला पंधरा मिनिटं दिली होती. ते पाऊण तास बोलले, आणि तेही बहुतेक व्हायोलिनवर. धाराशिवच्या सभागृहात बी.ए., बी.कॉम.ची पोरं जास्त. व्हायोलिन हातात धरलेलं त्यात एखादं असलं तर असेल.

पाहुणे मूळचे तेरचे. गोरोबाकाकांच्या गावात टाळ-पखवाजाला तोटा नव्हता, पण व्हायोलिन शिकवणारं त्यांना जवळपास कुणी सापडेना. म्हणून दर रविवारी एस.टी.नं तुळजापूरमार्गे सोलापूर. तिथल्या मास्तरांनी सहा महिने मोकळ्या तारांवर नुसता गज ओढायला लावला. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. इथं खूणसुद्धा नाही, बोट केसभर सरकलं की सूर गेला. त्यातून मे महिन्याचं ऊन. लाकूड आटायचं, खुंट्या घसरायच्या, रात्रीतून चारही तारा सैल. पुढं मुंबईच्या पावसात त्याच खुंट्या फुगून बसायच्या, पिळल्या तरी हलायच्या नाहीत.

"मराठवाड्यातलं वाद्य. पाण्याची सवय नव्हती त्याला," असं ते म्हणाले तेव्हा सभागृह पहिल्यांदा हसलं.

प्रभाकर जोगांचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज बदलला. बाराव्या वर्षापासून पुण्याच्या वाड्यावाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवणारा मुलगा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गीतं वर्षभर चालली, आणि सुधीर फडक्यांच्या साथीला जोगांचं व्हायोलिन होतं. वाईचे वि. गो. जोग वेगळे. साथीला बसणाऱ्या या वाद्याला हिंदुस्थानी मैफलीत स्वतंत्र आसन मिळवून देणाऱ्यांत ते पुढचे. या दोन जोगांची कुणी गल्लत केली की पाहुणे चिडतात, आणि प्रास्ताविकात नेमकी तीच झाली होती.

मग पेटीची गोष्ट. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. "पेटीवाल्यांच्या पोटावर पाय आला आणि आमची पोटं भरली. ते काही आमचं कर्तृत्व नव्हे," हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. असं कबूल करणारा वादक विरळाच.

सगळ्यात रंगली ती मुंबईच्या स्टुडिओतल्या पहिल्या दिवसाची हकीकत. मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून शिकलेला हा तरुण खुर्चीवर बसला. समोर पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन, ते वाचता येईना. शेजारच्या गोव्याच्या वादकानं ओळखलं आणि कोपरानं ढोसलं: मी वाजवीन तेव्हा वाजव, थांबेन तेव्हा थांब. अर्धं गाणं पाहुण्यांनी गज तारेला न टेकवताच हलवला. पैसे पूर्ण मिळाले. पुढचं वर्षभर त्याच शेजाऱ्याकडं ते नोटेशन शिकले आणि हनुवटीखाली व्हायोलिन धरायलाही.

तबकडीवर गायक, संगीतकार आणि गीतकार छापलेले. मागं तीस-चाळीस व्हायोलिनं वाजवणारे कुठंच नाहीत. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलालजींचे गुरू, स्वतः व्हायोलिनवादक. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात आणलं. "देश त्या नावावर नाचला," पाहुणे म्हणाले, "पण तो माणूस खरा आहे, व्हायोलिन वाजवतो, हे नाचणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं?"

सिंथेसायझर आला आणि चाळीस जणांचं काम एकटा माणूस करू लागला. एका स्टुडिओकडं पाहुण्यांचे तीन गाण्यांचे पैसे अजून येणं आहे. स्टुडिओ कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढं एकच नाव त्यांनी गिळलं.

उपदेश म्हणाल तर एकच, पण तो त्यांनी तीनदा केला आणि तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून. अहवाल लिहा, दुकान टाका, सिनेमा काढा, शाळेत मास्तर व्हा. कामाला ज्याचे हात लागले त्याचं नाव लिहा. तुळजापुरात रात्रभर गोंधळ ऐकून घरी येणारे आपण, संबळ कोण वाजवत होता हे कधी विचारतो का? विद्यार्थी गप्प होते. मागच्या रांगेत एकाचा मोबाइल वाजला, त्यावरही व्हायोलिनचीच धून. पाहुण्यांनी ती संपेपर्यंत ऐकली.

मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका उचलली. कुलगुरू होते, प्राचार्य होते, हार देणारे होते, आभार मानणारेही होते. स्वागतगीताला पेटी आणि तबला वाजवणारे दोघे पडद्याच्या कडेला अजून बसून होते. पाहुण्यांनी त्यांना नावं विचारली, माइकवर दोनदा म्हटली, आणि पुढच्या वर्षी ही पत्रिकेत छापा, एवढं प्राचार्यांना सांगून ते खाली बसले.