मैदानावर नऊच असतात

पत्रिकेवर नाव छापलं म्हणजे माइक मिळालाच असं नाही, हे आम्हा कवींना पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉल संघांविषयी ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलाला एका लहान कॉलेजनं संघात बोलावलं. घरात आनंदीआनंद. मग समजलं, संघात साठ मुलं आहेत! भाचीनं फोनवर विचारलं, "मामू, हे चांगलं की वाईट?"

मी माहिती काढली. बेसबॉलमध्ये मैदानावर नऊच असतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या हाताला विश्रांती लागते, म्हणून तीस-पस्तीस मुलं हवीतच. त्यापुढच्यांसाठी काही कॉलेजं दुसरा संघ ठेवतात, त्याला 'ज्युनिअर व्हर्सिटी' म्हणतात. उशिरा अंग धरणाऱ्या मुलाला तिथे खेळायला मिळतं, ही त्याची चांगली बाजू.

दुसरी बाजू पैशाची. लहान खासगी कॉलेजं फीवर चालतात. 'डिव्हिजन थ्री' गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही; मदत मिळते ती गुण किंवा गरज पाहून. म्हणजे संघ वाढला की वर्गही भरतात. वरच्या 'डिव्हिजन वन'मध्ये २०२५ चा समझोता स्वीकारणाऱ्या कॉलेजांना ३४ खेळाडूंची मर्यादा आली. 'थ्री'मध्ये तशी मर्यादा नाही.

मग पारख कशी करावी? संघाची यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. मागच्या चार वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. पहिल्या वर्षाची पंचवीस मुलं आणि चौथ्या वर्षाची सहाच दिसली, तर मधली कुठे गेली, हे विचारावं. दुसऱ्या संघाचे गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती सामने झाले? त्याला वेगळा प्रशिक्षक आहे का? तिथून मुख्य संघात किती जण गेले? सराव सगळ्यांचा एकत्र होतो, की काहींनी नुसते चेंडू गोळा करायचे? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही, आकडे सांगतो. "मेहनत केलीस तर संधी मिळेल," एवढंच उत्तर आलं, तर सावध व्हावं.

आपल्याकडेही क्रिकेटच्या शिबिरांत एका नेटमागे पन्नास मुलं उभी असतात. फी भरण्याआधी आपल्या मुलाच्या वाट्याला दिवसाला किती चेंडू येतील, हे किती पालक विचारतात?

भाचीला मी म्हटलं, बाळा, शेवटचा प्रश्न प्रशिक्षकाला नाही, मुलाला विचार. उद्या कोपर दुखावलं आणि खेळ सुटला, तरी याच कॉलेजात चार वर्षं आनंदानं शिकशील का? उत्तर 'हो' असेल, तर साठांतला साठावा असूनही त्याचं नुकसान नाही. 'नाही' असेल, तर संघ कितीही नावाजलेला असो, दुसरं कॉलेज शोधावं.