एकमय लोक आणि नवे नागरिक



ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये भरलेल्या या मराठी साहित्य मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. आपण जिथे बसलो आहोत ती जमीन जगेरा, युगेरा आणि उगारापुल लोकांची. त्यांच्या पूर्वजांना आणि आजच्या ज्येष्ठांना मी वंदन करते. इकडे जवळजवळ प्रत्येक सभेत असे वंदन होते आणि बहुतेकदा ते कानावरून निघून जाते. आज मी त्यापाशीच थांबणार आहे. राष्ट्र म्हणजे काय आणि आपण कोणत्या राष्ट्राचे, या प्रश्नाची वाट मला तिथूनच जाताना दिसते.

आपल्यापैकी अनेकांनी इप्सविच शहराच्या समारंभात उभे राहून नागरिकत्वाची शपथ घेतली. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपले. मग ओसीआय कार्ड आले. त्यावर गावी जाता येते, हवे तितके राहता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कायद्याने इतके स्वच्छ उत्तर देऊनही घरोघरी प्रश्न उरतोच, की आपण नेमके कोण? उत्तर आपण मनाच्या ओढीत शोधतो. गणपतीत, दिवाळी अंकात, आजोळच्या आठवणीत. ही ओढ खरी आहे आणि ती जपावी. परंतु आपण कोणत्या राष्ट्राचे, हे केवळ ओढीवरून ठरवता येणार नाही.

फ्रेंच विचारवंत एर्नेस्ट रेनाँ यांनी ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सोरबॉनमध्ये 'राष्ट्र म्हणजे काय?' याच विषयावर व्याख्यान दिले. त्याआधी अकरा वर्षे फ्रान्सने अल्सास आणि लॉरेनचा काही भाग गमावला होता आणि तिथली माणसे भाषेने व वंशाने जर्मनच, असे जर्मन पंडित सांगत होते. रेनाँ यांनी वंश, भाषा, धर्म, भूगोल ही कारणे एकेक करून बाजूला सारली. मागे उरल्या दोन गोष्टी : भूतकाळाची सामायिक आठवण आणि आज एकत्र राहण्याची इच्छा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात रेनाँचा आधार घेतला आहे.

तरीही मला जोतीराव फुले रेनाँच्या पुढे गेलेले वाटतात. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी 'एकमय लोक' ही कल्पना मांडली. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी असे सगळे शिकून विचार करू लागत नाहीत आणि एकमय होत नाहीत, तोवर राष्ट्र निर्माणच होऊ शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. एकत्र राहायची इच्छा आहे का, असे रेनाँ विचारतात. ज्याला दाराबाहेर ठेवले त्याचे काय, असे फुले विचारतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुन्हा उभा केला. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर ओळखू तितके बरे, असे त्यांनी बजावले. राष्ट्राची याहून कठोर आणि याहून प्रामाणिक कसोटी मला ठाऊक नाही.

आता हीच कसोटी आपल्या नव्या देशाला, ऑस्ट्रेलियाला, लावू. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन हे राष्ट्र झाले. घटनेच्या १८९१ च्या मसुद्यामागचा मोठा हात सॅम्युअल ग्रिफिथ यांचा. वेल्समध्ये जन्मलेले ग्रिफिथ लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आले आणि सुरुवातीला आपल्या याच इप्सविचमध्ये राहिले. म्हणजे घटना लिहिणारेही बाहेरून आलेलेच. पण नव्या राष्ट्राने पहिल्याच वर्षी स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. नको असलेल्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालायचे आणि परत पाठवायचे. दुसऱ्या वर्षी, १९०२ साली, मताधिकाराचा कायदा आला. त्यात काही अपवाद वगळता ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या मूळच्या लोकांना मत नाकारले गेले.

हे कलम प्रत्येकाने एकदा वाचावे. आपण आणि इथले ॲबोरिजिनल लोक एकाच वाक्यात बाहेर ठेवले गेलो होतो.

आपल्यासाठी दार आधी उघडले. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलियात आले. इथल्या मोजक्या भारतीय रहिवाशांच्या हक्कांसाठी ते बोलले आणि १९२५ साली त्या लोकांना संघराज्याच्या निवडणुकीत मत मिळाले. शास्त्री आले त्याच १९२२ साली ट्वीड नदीतल्या उकेरेबा बेटावर नेव्हिल बॉनर जन्मले. जगेरा लोकांचे ते पुढे ज्येष्ठ झाले. संघराज्याच्या निवडणुकीत सर्व ॲबोरिजिनल लोकांना मताचा हक्क मिळाला १९६२ साली, क्वीन्सलँड राज्याच्या निवडणुकीत १९६५ साली. तेव्हा बॉनर चाळिशी ओलांडत होते. गुराखी म्हणून, ऊसतोडणी करून त्यांनी दिवस काढले होते, पाम आयलंडवर कित्येक वर्षे घालवली होती. १९७१ साली ते सिनेटमध्ये गेले. संघराज्याच्या संसदेत बसणारे ते पहिले ॲबोरिजिनल. १९९८ च्या घटना परिषदेत ऑस्ट्रेलियाला प्रजासत्ताक करण्यास विरोध करताना त्यांनी सभागृहात आपल्या लोकांचे शोकगीत गायले. पुढच्या वर्षी इप्सविचमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या घरांपासून हे शहर किती लांब आहे?

यावर आपली माणसे म्हणतात, जमीन हिसकावली ती ब्रिटिशांनी, कायदे केले त्यांनी. आम्ही काल आलो, आमचा काय संबंध? हे म्हणणे मला मान्य नाही. १६७४ सालच्या शिवराज्याभिषेकाला आपल्यापैकी कोणी रायगडावर नव्हते, तरी तो आपला म्हणून आपली छाती भरून येते. जन्माआधीच्या पराक्रमाचा अभिमान आपण वारसा म्हणून घेतो. मग ज्या देशाची शपथ घेतली, त्याच्या जन्माआधीच्या अन्यायाची जबाबदारीही वारसा म्हणूनच येते. इथली मालमत्ता, इथली पेन्शन, इथली सुरक्षितता आपण घेतो. देणे तेवढे दुसऱ्यांवर सोडता येणार नाही.

२६ जानेवारीचेच पाहा. आपल्याला तो १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेचा आणि १९५० च्या प्रजासत्ताकाचा दिवस. इथे तो १७८८ साली ब्रिटिशांनी सिडनीच्या खाडीत झेंडा रोवल्याचा दिवस, आणि १९३८ साली ॲबोरिजिनल लोकांनी सिडनीत जमून शोकदिन पाळला तोही हाच. वसाहतवादातून सुटल्याचा आनंद आपण ज्या तारखेला मानतो, त्याच तारखेला शेजाऱ्याची जमीन गेली. हे दुःख आपल्याहून चांगले कोणाला कळावे? १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपला आवाज मांडण्याची घटनात्मक जागा देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतांनी आणि सहाही राज्यांत फेटाळला गेला. कोणी कसे मत दिले हे मी विचारणार नाही. पण त्या आठवड्यांत आपल्या गप्पांत हा विषय किती वेळा निघाला, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आणि एकमय होण्याची कसोटी आपल्या घरालाही लागू आहे. समुद्र ओलांडूनही आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न आपण विचारतोच. लग्न ठरवताना जात पाहतोच. मुलांना समतेचे धडे इंग्रजी शाळेत आणि आडनावांचे धडे मराठी घरात मिळत असतील, तर ती मराठी त्यांनी का जपावी?

लेखकांनी करण्याजोगे एक काम मी सुचवते. नेव्हिल बॉनर यांचे चरित्र मराठीत लिहू या, मुलांना वाचता येईल असे. जगेरा आणि युगेरा ज्येष्ठांना भेटून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांनी सांगितले तेवढेच या जमिनीच्या इतिहासाचे एक पुस्तक करू या. आपल्या मराठी वर्गांत शिवचरित्राच्या शेजारी ही दोन्ही पुस्तके असावीत. पहिल्या प्रकरणाचा मसुदा मी लिहायला घेते. ज्यांना या कामात यायचे आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे नाव द्यावे, ही विनंती.